समुद्रकिनाऱ्यावरचे गोरे आणि बाणेरचा भाचा

परदेशात जाऊन राहिलेल्या इंग्रज-अमेरिकनांबद्दल माझं मत अनेक वर्षं एका वाक्यात मावत होतं : हे लोक ऐष करायला जातात. आपला माणूस दुबईला जातो तो डोक्यावरचं कर्ज फेडायला, बहिणीचं लग्न उरकायला, गावाकडं चिऱ्याचं घर बांधायला. गोरा माणूस जातो तो ऊन खायला. त्याला तिथं ‘परत कधी जाणार?’ असं कुणी विचारत नाही, आणि त्यालाही तिथली भाषा शिकायची घाई नसते. आज हे मत मी असंच्या असं मांडणार नाही. ते बदलत कसं गेलं, आणि त्यातलं किती अजून मनात टिकून आहे, तेवढं लिहून काढावं म्हणतो.

हे मत पुस्तकं वाचून झालेलं नव्हतं, पोटापाण्याच्या धंद्यातून झालेलं होतं. मी पुण्यात बसून अमेरिकी नागरिकांची करविवरणपत्रं तयार करतो, तीही खास करून अमेरिकेबाहेर राहणाऱ्यांची. जगात जवळजवळ सगळीकडं माणूस जिथं राहतो तिथं कर भरतो. अमेरिकेचा कर मात्र नागरिकत्वाला चिकटलेला. जगाच्या पाठीवर कुठंही राहा, मिळकतीचा हिशेब दरसाल वॉशिंग्टनला द्यायचाच. अशी पद्धत अमेरिकेखेरीज फक्त एरिट्रियात आहे. तिची मुळं थेट १८६०च्या दशकातल्या यादवी युद्धात जातात. तेव्हापासून कायदे शंभरदा बदलले, हे खोड मात्र गेलं नाही. त्यामुळं जगभर पांगलेल्या अमेरिकनांना कुणीतरी हिशेबनीस लागतो, आणि तो पुण्यात परवडतो. देशातल्यांना १५ एप्रिलची मुदत, बाहेर राहणाऱ्यांना आपोआप १५ जूनची. म्हणजे आमचा आंब्याचा सगळा मोसम ऑफिसात जातो.

क्लायंटचा चेहरा आम्हाला दिसत नाही, पत्ता दिसतो. आणि पत्ते वाचून वाचून माणूस मनात एक नकाशा तयार करतो. मेक्सिकोत चापाला तळ्याच्या काठावरचं आहिहिक. पनामातल्या डोंगरातलं बोकेते. इक्वेडोरमधलं कुएंका. पोर्तुगालचा दक्षिण किनारा, थायलंडातलं चिआंग माय. गुगलवर फोटो बघितले की बोगनवेल, निळं आकाश, फरसबंद गल्ल्या. मी इकडं जंगली महाराज रस्त्यावरच्या सिग्नलला अडकून ऑफिसला पोचलेलो असायचो. तशा मनःस्थितीत या लोकांबद्दल फार प्रेम वाटणं कठीणच होतं.

शिवाय हिशेब करणाऱ्याला एक गोष्ट लगेच कळते : ही गावं नुसत्या हवेसाठी निवडलेली नाहीत. पनामात डॉलरच चालतो, इक्वेडोरनं २००० साली स्वतःचं चलन मोडीत काढून डॉलर घेतला. म्हणजे पेन्शनचा चेक जसा येतो तसाच खर्च होतो, विनिमयाच्या दराची धास्ती नाही. पनामा सरकार तर महिना हजार डॉलरचं आयुष्यभराचं पेन्शन दाखवणाऱ्याला राहण्याचा परवाना देतं आणि वर विमानाच्या तिकिटापासून हॉटेलातल्या जेवणापर्यंत सवलती देतं. मला ते सगळं सेलमधल्या खरेदीसारखं वाटायचं. देश स्वस्त मिळाला, घेऊन टाकला.

याला इतिहासही साथ द्यायचा. मेक्सिकोतलं सान मिगेल दे आयेंदे हे गाव अमेरिकनांनी कसं भरलं, ती गोष्ट मजेशीर आहे. स्टर्लिंग डिकिन्सन नावाचा शिकागोचा एक चित्रकार १९३७ साली तिथं उतरला आणि एका कलाशाळेचा कारभार बघू लागला. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या अमेरिकी सैनिकांना सरकार शिक्षणासाठी पैसे देत होतं. त्या पैशांत अमेरिकेत जेमतेम भागायचं, मेक्सिकोत चैनीत राहता यायचं. १९४८ साली ‘लाइफ’ मासिकानं या सैनिक-विद्यार्थ्यांवर सचित्र लेख छापला आणि शाळेकडं अर्जांचा पाऊस पडला. चित्रं काढायला आलेल्यांतले काही तिथंच राहिले, मग त्यांचे मित्र आले, मग मित्रांचे निवृत्त आईवडील. चापाला तळ्याकाठी १९५५ साली परदेशी रहिवाशांनी स्वतःची संस्था काढली, ती आजही वाचनालय चालवते.

पनामा कालव्याच्या पट्ट्याची गोष्ट त्याहून कडू. कालव्याच्या दोन्ही बाजूंची जमीन १९७९पर्यंत अमेरिकेच्या ताब्यात होती, आणि तिथं अमेरिकनांच्या दोन-तीन पिढ्या जन्मल्या, वाढल्या. कालवा बांधला जात असताना गोऱ्या अमेरिकनांचा पगार सोन्याच्या नाण्यांत व्हायचा, वेस्ट इंडीजहून आणलेल्या काळ्या मजुरांचा चांदीच्या. पुढं नाणी गेली, पण ‘सोनं’ आणि ‘चांदी’ अशा पाट्या दुकानांवर, पोस्टाच्या खिडक्यांवर, पाण्याच्या नळांवर राहिल्या. हे वाचल्यावर आपल्याकडचं कॅम्प आणि गाव, महाबळेश्वरातले बंगले आणि त्यांच्या मागचे नोकरांचे गाळे आठवणार नाहीत, असा मराठी माणूस विरळा. गोरा परक्या मुलुखात राहतो तो आपली वेगळी आळी करून राहतो, ही समजूत मला कुणी शिकवावी लागली नव्हती.

या मताला पहिला तडा गेला तो एका फॉर्ममुळं.

अमेरिकी नागरिकाची परदेशातल्या सगळ्या बँक खात्यांतली मिळून शिल्लक वर्षात एखाद्या दिवशी जरी १० हजार डॉलरच्या वर गेली, तरी त्याला त्या सगळ्या खात्यांची यादी अमेरिकेच्या अर्थखात्याला द्यावी लागते. आम्ही त्याला ‘एफबार’ म्हणतो. कर वेगळा, हा वेगळा. यात प्रत्येक खात्याची वर्षभरातली सर्वांत जास्त शिल्लक शोधायची, ३१ डिसेंबरच्या सरकारी दरानं तिचे डॉलर करायचे, बँकेचा पत्ता आणि खाते क्रमांक लिहायचा. आणि खातं आपलं असलंच पाहिजे असं नाही, त्यावर सहीचा अधिकार असला तरी पुरे.

मेक्सिकोत राहणाऱ्या एका वयस्क बाईंची फाइल माझ्याकडं होती. पेन्शन साधंच, खाती दोन, कर शून्य. पण त्यांच्या कागदांत स्पॅनिशमधलं एक तिसरं स्टेटमेंट होतं आणि त्यातल्या रकमा त्यांच्या ऐपतीच्या बाहेरच्या होत्या. मी शेरा मारला : हे पैसे कुठून आले? त्यांचं उत्तर आलं की त्या राहतात त्या वसाहतीच्या त्या खजिनदार आहेत. पाण्याची टाकी, रखवालदाराचा पगार, गेटची दुरुस्ती. पैसे सगळ्यांचे, सही यांची. त्यांना ते खातं दरवर्षी अमेरिकेला कळवावं लागायचं. शेजारचे मेक्सिकन लोक त्यामुळं बिथरले होते, आमच्या सोसायटीचा बँक बॅलन्स अमेरिका सरकारला कशाला, म्हणून. बाईंनी शेवटी खजिनदारकी सोडली.

मी त्या वेळी आमच्या सोसायटीचा खजिनदार होतो. रखवालदाराच्या पगारावरून आणि टाकी धुण्यावरून काय काय ऐकावं लागतं, याचा मला पुरता अनुभव होता. त्या मेलपर्यंत माझ्या डोक्यात ती बाई पूलच्या कडेला खुर्ची टाकून बसलेली होती. त्या मेलनंतर ती वसाहतीच्या बैठकीत पावतीपुस्तक घेऊन बसलेली दिसायला लागली. तिला आजारी पडायची सोय नव्हती, हेही कळलं : म्हातारपणासाठी जन्मभर पगारातून कापून घेतलेला अमेरिकी सरकारी आरोग्यविमा, मेडिकेअर, देशाबाहेरच्या दवाखान्याचं बिल सहसा देतच नाही. मोठं ऑपरेशन निघालं की एकतर खिसा रिकामा करायचा, नाहीतर टेक्साससाठी बॅगा भरायच्या.

मग २०२३च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा बिट्नर खटल्याचा निकाल आला. आमच्या धंद्यात तो सगळ्यांनी चवीनं वाचला. अलेक्झांड्रू बिट्नर हा मूळचा रोमानियन. अमेरिकेत आला, नागरिक झाला, आणि तिकडं साम्यवादी राजवट पडल्यावर १९९०मध्ये मायदेशी परतला. तिथं धंद्यात त्याचं बस्तान बसलं. एफबारचे फॉर्म भरायचे असतात हे आपल्याला माहीतच नव्हतं, असं त्याचं म्हणणं. सरकारनं पाच वर्षांतल्या २७२ खात्यांच्या नोंदींमागं प्रत्येकी १० हजार, असा २७ लाख २० हजार डॉलर दंड ठोकला. न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की दंड खात्यामागं नाही, फॉर्ममागं. दंड ५० हजारांवर आला.

बाकीचे लोक आकड्यांवर बोलत होते. माझं लक्ष दुसरीकडंच गेलं. हा ‘परदेशात राहणारा अमेरिकन’ परदेशात राहतच नव्हता. तो आपल्या घरी राहत होता.

त्यानंतर मी फायलींवरची नावं नीट वाचायला लागलो. आधी माझं लक्ष पत्त्यावर असायचं. आता नावं बघितली तर मेक्सिकोच्या पत्त्यावर एर्नांदेस आणि गोन्सालेस, बैरूतच्या पत्त्यावर अरबी नावं, मनिलात फिलिपिनो, तेल अवीवमध्ये ज्यू. मोठ्या आकड्यांशी हे ताडून बघावं म्हटलं, तर आणखी एक गंमत कळली. परदेशात अमेरिकन किती, हे अमेरिकेला माहीत नाही. सरकारी नोकर आणि सैनिक सोडले तर जनगणनेत ते धरतच नाहीत. २००४ साली फ्रान्स, कुवेत आणि मेक्सिको या तीन देशांत मोजण्याचा एक प्रयोग केला, प्रतिसाद इतका थोडा की तो तिथंच सोडून दिला. परराष्ट्र खात्याचा अंदाज ९० लाखांचा असायचा, आणि मतदानाची व्यवस्था बघणाऱ्या खात्याचा २०२२चा अंदाज ४४ लाखांचा. कराच्या बाबतीत पैन् पैचा हिशेब मागणारं सरकार माणसं मोजताना निम्म्यानं इकडंतिकडं होतं!

पण मेक्सिकोनं आपल्या बाजूनं मोजलं आहे. २०२०च्या मेक्सिकन जनगणनेत अमेरिकेत जन्मलेले सुमारे आठ लाख लोक निघाले. जगात कुठल्याही दुसऱ्या देशाशी तुलना केली तरी ही अमेरिकनांची मोठीच वस्ती. आणि त्यांतले निम्म्याहून अधिक अल्पवयीन. ही चापाला तळ्याकाठची पेन्शनर मंडळी नव्हेत. अमेरिकेत मजुरी करायला गेलेल्या, मग २००८च्या मंदीत काम गेलेल्या किंवा हुसकावून लावलेल्या मेक्सिकन आईबापांची ही पोरं. जन्म अमेरिकेतला, पासपोर्ट अमेरिकेचा, घर वाहाकाच्या नाहीतर मिचोआकानच्या खेड्यात. शाळेत नाव घालायला गेलं की बरीच वर्षं अमेरिकी जन्मदाखल्यावर मोहोर आणि अधिकृत भाषांतर मागत, आणि ती मोहोर मिळवायला ज्या राज्यात जन्म झाला तिथं अर्ज करायचा. बापाला तर सीमा ओलांडायची बंदी. जगातल्या सर्वांत ताकदवान पासपोर्टांपैकी एक दप्तरात असलेली मुलं दाखल्यावाचून वर्गाबाहेर बसली.

आहिहिकच्या बोगनवेलीचा फोटो माझ्या डोक्यातून गेला तो या आकड्यानं.

इंग्रजांचं काम मी करत नाही, पण एकदा खाज सुटली की माणूस शेजारच्या शेतातही डोकावतो. ब्रिटिश म्हटलं की स्पेनचा किनारा, बेनिडॉर्म, लालबुंद झालेली कातडी आणि बिअर, हे चित्र त्यांच्याच मालिकांनी आणि वर्तमानपत्रांनी जगभर पोचवलं आहे. स्पेनमध्ये ब्रेक्झिटच्या सुमाराला नोंदलेले ब्रिटिश जवळजवळ तीन लाख होते, हे खरं. पण त्यांतले पासष्टीच्या पुढचे एक तृतीयांशाच्या आसपास. बाकीचे दोन तृतीयांश काय करतात? नळ दुरुस्त करतात, बार चालवतात, एकमेकांची घरं विकतात, स्पॅनिश मुलांना इंग्रजी शिकवतात. कॅरेन ओ’रायली नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाई १९९०च्या दशकात फुएनगिरोला या किनाऱ्यावरच्या गावी राहून आल्या आणि २०००मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. ऐषारामी गोऱ्यांच्या वसाहतीचं जे चित्र सगळे रंगवत होते, ते त्यांना तिथं काही जुळेना. भेटले ते रोखीत कामं करणारे, सरकारदरबारी नोंद नसलेले लोक. ब्रेक्झिटची मुदत संपत आली तेव्हा यातल्याच लोकांची तारांबळ उडाली. ३१ डिसेंबर २०२०च्या आधीपासून इथं राहतोय, हे सिद्ध करा! वीजबिल आणा, भाडेकरार आणा. वर्षानुवर्षं नोंदणी टाळलेली माणसं झेरॉक्सचे गठ्ठे घेऊन रांगेत उभी होती. आपल्याकडं असल्या रांगेत कोण उभं राहिलेलं नाही?

आणि मुळात ब्रिटनमध्ये जन्मलेल्यांची सर्वांत मोठी वस्ती स्पेनमध्ये नाहीच, ती ऑस्ट्रेलियात आहे. तिथल्या २०२१च्या जनगणनेत नुसत्या इंग्लंडमध्ये जन्मलेल्यांची संख्याच नऊ लाखांच्या वर होती. यातले जुने लोक दहा पौंडांत गेलेले. महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियाला माणसं हवी होती (गोरीच हवी होती, हे विसरायचं नाही), म्हणून मोठ्या माणसाला दहा पौंड आणि मुलांना फुकट, असा बोटीचा प्रवास सरकारनं देऊ केला. अट एकच : दोन वर्षं राहायचं. त्याआधी परतलात तर जाण्याचा पूर्ण खर्च भरायचा, येण्याचं तिकीटही आपलंच. उतरल्यावर पत्र्याच्या अर्धगोल बराकीत मुक्काम, मग ॲडलेडजवळच्या एलिझाबेथसारख्या नव्या उपनगरात मोटारीच्या कारखान्यात काम. साधारण चौथा हिस्सा लोक कंटाळून परत गेले, आणि त्यांतले पुष्कळ पुन्हा ऑस्ट्रेलियात आले. पंतप्रधान झालेल्या ज्युलिया गिलार्ड याच वाटेनं लहानपणी वेल्समधून आल्या. ही माणसं पोटासाठीच गेली होती. रंग गोरा असल्यामुळं माझ्या हिशेबात ती कधी धरली गेली नव्हती, इतकंच.

या सगळ्यात मला सर्वांत चमत्कारिक वाटलं ते ब्रिटिश पेन्शन. निवृत्त ब्रिटिश माणूस परदेशात गेला तर त्याचं सरकारी पेन्शन दरवर्षी वाढतं की नाही, हे तो कुठं राहतो यावर ठरतं. अमेरिकेत वाढतं, कॅनडात गोठतं. नायगारा धबधब्याच्या एका काठावर वाढतं, दुसऱ्या काठावर नाही. फिलिपिन्समध्ये वाढतं, थायलंडात नाही. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका आणि आपला भारत, सगळे गोठलेल्या यादीत. तर्क काही नाही. जुन्या काळी ज्या देशांशी तसे करार झाले ते झाले, बाकीचे राहिले. जगभरात साडेचार लाखांच्या आसपास म्हातारी माणसं यात अडकली आहेत. ॲन पक्रिज या बाई महायुद्धात लष्करी सेवेत होत्या. २००१मध्ये लेकीजवळ राहायला त्या कॅनडात गेल्या आणि त्यांचं पेन्शन आठवड्याला ७२.५० पौंडांवर गोठलं. ब्रिटनमध्ये राहत्या तर २०२४मध्ये तेच १६९.५० झालं असतं. त्या डिसेंबरात, शंभरीला टेकलेल्या असताना, त्या विमानात बसून लंडनला दाद मागायला गेल्या. मला आमच्या भविष्य निर्वाह निधीच्या ऑफिसबाहेर बसणारी म्हातारी माणसं आठवली. फरक एवढाच की पक्रिजबाईंना अटलांटिक ओलांडावा लागला.

हॅरी शिंडलर यांचंही तसंच. १९४४मध्ये इटलीत आन्झियोला सैन्याबरोबर उतरलेले, १९८२पासून इटलीतच राहिलेले. परदेशात पंधरा वर्षं झाली की ब्रिटिश नागरिकाचा मताधिकार जायचा. त्यामुळं २०१६च्या ब्रेक्झिटच्या कौलात, ज्यानं त्यांच्या इटलीतल्या राहण्यावरच घाला पडणार होता, त्यांना मत देता आलं नाही. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयातही ते आधीच हरले होते. शेवटी २०२२मध्ये कायदा बदलला, पण तो लागू व्हायला २०२४ उजाडलं. शिंडलर २०२३च्या फेब्रुवारीत, वयाच्या १०१व्या वर्षी गेले. तिकडं फ्रान्सच्या खेड्यांत सातशेहून अधिक ब्रिटिश लोक ग्रामपंचायतीवर निवडून आलेले होते. भाषा शिकत नाहीत, गावात मिसळत नाहीत, हा माझा जुना आरोप. इथं तर ते गावच्या गटारांवर भांडत होते! ब्रेक्झिटनंतर त्यांना पुन्हा उभंच राहता आलं नाही.

हे सगळं वाचताना जाणवत गेलं की ऊन आणि बोगनवेल ही वरवरची सजावट. माणूस कुठं राहतो ते ठरतं करारांनी, व्हिशांनी, पेन्शनच्या नियमांनी आणि नात्यागोत्यांनी. हे आपल्या लोकांबाबत मला कायम माहीत होतं. पाकव्याप्त काश्मीरमध्ये मंगला धरणानं मीरपूरची गावं बुडाली, विस्थापितांना ब्रिटनचे परवाने मिळाले, आणि आज मीरपुरात सुट्टीला आलेल्या ब्रिटिश पासपोर्टवाल्यांची कोठीवजा घरं उभी आहेत, तेही माहीत होतं. गोव्यातला माणूस आजोबांच्या जन्मनोंदीवरून पोर्तुगीज होतो आणि स्विंडनच्या गोदामात कामाला लागतो, तेही. या लोकांना ‘परदेशस्थ ब्रिटिश’ या खान्यात टाकायचं मात्र कधी सुचलं नव्हतं. तो खाना मी फक्त गोऱ्यांसाठी राखून ठेवला होता.

आता काय बदललं नाही, तेही सांगतो. ४ जुलै २०२५ला मेक्सिको शहरात कोंदेसा आणि रोमा या वस्त्यांत लोक रस्त्यावर उतरले. डॉलरमध्ये कमावून पेसोत भाडं भरणाऱ्या परदेशी मंडळींनी घरभाडी कुठल्या कुठं नेऊन ठेवली, हा राग. त्या दिवशी काचाही फुटल्या. काचा फोडण्याचं समर्थन नाही, पण राग मला कळतो. लिस्बनमध्ये तेच, कॅनरी बेटांवरही २०२४मध्ये मोर्चे निघाले. पेन्शन गोठलेला इंग्रज आणि एफबार भरून मेटाकुटीला आलेली अमेरिकन बाई, दोघंही शेवटी परत जाऊ शकतात. भाडं वाढल्यामुळं घर सोडावं लागलेला मेक्सिकन कुठं जाणार?

गोव्यात वीसेक वर्षांपूर्वी परदेशी लोकांनी पर्यटक म्हणून येऊन घरं घेतली आणि मग सरकारी नोटिसा आल्या, तेव्हा मी मनापासून ‘बरं झालं’ म्हटलं होतं. पर्यटन व्हिशावर सलग १८० दिवसांहून जास्त राहता येत नाही, आणि स्थावर घ्यायची तर आदल्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांहून जास्त वास्तव्य हवं. पर्यटकानं हे गणित बसवायचं कसं? बसू नये म्हणूनच ते तसं आहे. दलालांनी आणि वकिलांनी हे सांगितलं नाही, पैसे घेतले. आज मी ‘बरं झालं’ म्हणणार नाही, पण हणजूणच्या भाटकाराची जमीन कुणाला आणि काय भावानं विकली जावी, यात गोव्यानं काही म्हणू नये, असंही म्हणणार नाही.

या सगळ्याची पाटी पुसून पुन्हा लिहायला लावलं ते मात्र घरच्याच माणसानं. माझा भाचा एडिसनला, न्यू जर्सीत जन्मला. भावोजी तेव्हा तिकडं कंपनीच्या कामावर होते. तो तीन वर्षांचा असताना सगळे परत आले. तो बाणेरला वाढला, पुण्यात इंजिनीअर झाला, हिंजवडीला नोकरीला लागला. पहिला पगार झाल्यावर एसआयपी सुरू करायला गेला. फॉर्मवर जन्मदेश विचारला होता, त्यानं खरं ते लिहिलं. भारत-अमेरिकेत २०१५च्या जुलैत खात्यांची माहिती द्यायचा करार झाल्यापासून आपल्याकडचं प्रत्येक खातं आणि प्रत्येक फंड हा प्रश्न विचारतो. आपण सगळे न वाचता ‘नाही’वर खूण करतो, आणि त्याला ‘हो’वर करावी लागली. अर्ज परत आला. अमेरिकी नागरिकांचे पैसे आम्ही घेत नाही.

तो संध्याकाळी घरी आला. “मामा, तू हेच काम करतोस ना? मग मला कधी सांगितलं नाहीस?”

खरंच सांगितलं नव्हतं. हजारो मैलांवरच्या लोकांच्या फायली मी तपासत होतो आणि दर दिवाळीला फराळाला समोर बसणारा अमेरिकन मला दिसला नव्हता. मग त्याला सगळं समजावलं. भारतात भरलेल्या कराची वजावट मिळते, त्यामुळं अमेरिकेला बहुधा काही देणं निघणार नाही, पण विवरणपत्र भरायचं. एफबार भरायचा. भारतातला म्युच्युअल फंड अमेरिकी कायद्याला संशयास्पद परदेशी कंपनी वाटतो, रक्कम वाढली की फंडागणिक वेगळा फॉर्म, आणि नफ्यावरचा कर असा की नफा झाला याचं वाईट वाटावं. ताई ऐकत होती. म्हणाली, “आणि आम्ही पेढे वाटले होते रे, पोरगा अमेरिकन झाला म्हणून!”

नागरिकत्व सोडायचं म्हटलं तर तीही सोपी गोष्ट नाही. त्याची फी २०१४ साली ४५० डॉलरवरून २३५०वर नेली होती. बोरिस जॉन्सनसारखा लंडनचा महापौर न्यूयॉर्कमध्ये जन्मला म्हणून अमेरिकेच्या कराच्या कचाट्यात सापडला आणि २०१६मध्ये नागरिकत्व सोडून मोकळा झाला, पण त्याच्याकडं दुसरा पासपोर्ट तयार होता. भाच्याकडं आहे ते ओसीआय कार्ड. त्यावर भारतात राहता येतं, मत देता येत नाही. एडिसनमधल्या ज्या भाड्याच्या घराची त्याला आठवणही नाही, त्या पत्त्यावरून तो अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष निवडू शकतो. बाणेरचा नगरसेवक नाही. पुण्यात, औंधपासून खराडीपर्यंत, अशी मुलं किती असतील याची मोजदाद कुणाकडं नाही, पण आमच्या ऑफिसात आता अशा फायलींसाठी वेगळं टेबल आहे.

“मग पैसे ठेवू कुठं?” त्यानं विचारलं.

मी म्हटलं, “एफडी कर, पण एफबारमध्ये दाखव. नाहीतर फ्लॅट घे. आपल्या नावावरचं घर त्या यादीत दाखवावं लागत नाही. आणि ओसीआयवर फ्लॅट घेता येतो.”

“बाणेरमध्ये?”

“बाणेरमध्येच घे. आईबाबांच्या जवळ.”

“मामा, भाव माहितीयेत का तुला? आमच्याच सोसायटीत गेल्या वर्षी तीन घरं विकली गेली. तिन्ही न्यू जर्सीवाल्यांनी घेतली.”